तळपाय पाहायला कोणी तरी हवे

जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग लक्ष देऊन पाहिली, तर आत बसलेल्या मुलांविषयी बरेच काही कळते. कोणाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली असते तर कोणाची आतल्या, कोणाचा तुटलेला अंगठा सुतळीने ओवलेला असतो, आणि तिसरीतल्या एखाद्या मुलीने थोरल्या बहिणीची चप्पल घातलेली असते, जी निसटू नये म्हणून तिची बोटे चालताना सतत आवळलेली असतात. बीड जिल्ह्यातील शाळांत नोकरी करताना ही रांग मी पाहत आलो आणि त्याच सवयीने पुढे माणसांच्या पायांकडे पाहू लागलो. चेहऱ्याला आपण दिवसातून अनेकदा आरसा दाखवतो, परंतु तळपाय ज्याचा त्यालाही सहज दिसत नाही. तो दुसऱ्याने तरी पाहावा लागतो, नाही तर मांडी घालून, पाय वळवून स्वतः मुद्दाम पाहावा लागतो. पाया पडतानाही आपला हात पावलाच्या वरच्या बाजूलाच लागतो. पायाची बरीचशी दुखणी हाताबाहेर जातात ती या न पाहण्यामुळे, आणि कोणत्या वयात कोणी पाहायचे हे घरात ठरलेले नसल्यामुळे, असे माझे मत होत गेले आहे.

तसे पाहिले तर पाऊल हा शरीराचा अत्यंत गुंतागुंतीचा भाग आहे. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. म्हणजे प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी ५२, जवळजवळ एक चतुर्थांश, घोट्याखालीच असतात. एवढ्या बारीक जुळणीवर अंगाचा सगळा भार टाकून आपण आयुष्यभर चालतो.

सर्वांत जास्त पाहिला जाणारा पाय तान्ह्या बाळाचा. बाळंतिणीच्या खोलीत न्हाऊ घालणारी बाई बाळाला आपल्या पायांवर पालथे घेऊन तेल चोळते, टाच हातात धरते, एकेक बोट मोकळे करते. मग वाळे घातले जातात, दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला जातो. बाळाच्या तळव्याला कमान दिसत नाही म्हणून काही आज्या धास्तावतात, पण त्या वयात तळवा सपाट दिसणे हेच स्वाभाविक असते. तेथे चरबीची गादी असते आणि कमान हळूहळू, पाचसहा वर्षांपर्यंत आकार घेते. चालायला शिकणाऱ्या मुलाला घरात बुटांची गरज नसते, अनवाणी पाय जमिनीला धरून चालायला लवकर शिकतो.

याच वयात एक गोष्ट मात्र वेळेवर ओळखली गेली पाहिजे, आणि ती म्हणजे जन्मतः आत वळलेले पाऊल. साधारण हजार जन्मांत एका बाळाला हा दोष असतो. आमच्याकडे अजूनही त्याचे खापर गरोदरपणी पाहिलेल्या ग्रहणावर, त्या वेळी चिरलेल्या भाजीवर, म्हणजे पर्यायाने आईवरच फोडले जाते. ग्रहणाचा आणि पावलाचा काहीही संबंध नाही. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. तीत बाळाचे पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे सरळ करत दर आठवड्याला नवे प्लास्टर घातले जाते. अशी पाचसहा प्लास्टरे झाली की टाचेमागची आखडलेली शीर बहुधा एका छोट्या छेदाने मोकळी करावी लागते. त्यानंतर दांड्याला जोडलेले दोन बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे चारपाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. मोठी शस्त्रक्रिया बहुतेकांना लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांमध्ये ज्या दोषांसाठी मुलांची तपासणी होते, त्यांत हा दोषही आहे.

उपचार सोपा आहे, तो पुरा करणे अवघड आहे, कारण तो घड्याळावर आणि कॅलेंडरवर चालतो. आणि आमच्या भागातील कॅलेंडर वेगळे आहे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या आईने पहाटे ऊस तोडायला निघण्यापूर्वी बाळाच्या पायात ते दांड्याचे बूट घालायचे, बाळ रडले तरी काढायचे नाहीत, तपासणीच्या तारखेला एका दिवसाची मजुरी सोडून गाव गाठायचे, अशी ही अपेक्षा आहे. बूट घालणे थांबले की सरळ झालेले पाऊल पुन्हा वळू लागते, आणि मग लोक म्हणतात, एवढे प्लास्टर करून काय उपयोग झाला? दोष त्या पद्धतीचा नसतो आणि त्या आईचाही नसतो.

मूल शाळेत जाऊ लागले की त्याचा पाय पाहणे एकाएकी बंद होते. आंघोळ ते स्वतः करते, नखे कधी आई कापते, कधी तीही दातांनी कुरतडली जातात. हाताचीच, पायाची तशीच राहतात. अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या तळव्यांतून मातीतल्या अंकुशकृमींच्या अळ्या शरीरात शिरतात, आतड्यात जाऊन रक्त पितात आणि मूल फिके, आळशी दिसू लागते. फळ्याकडे पाहता पाहता पेंगणाऱ्या मुलाच्या पेंगण्याची वाट कधी कधी अशी पायातून निघते. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी वर्गात जी गोळी चावून खायला देतात, ती याच कृमींसाठी. परंतु मुलाच्या पायात चप्पल आणि घरात वापरता शौचालय नसेल तर गोळीचे काम अर्धेच राहते. २०२३ मध्ये राज्य शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना बूट आणि पायमोजे देण्याचा निर्णय घेतला, तो मला मनापासून आवडला. फक्त बूट दिला म्हणजे पायाची काळजी मिटली असे नाही. पावसात भिजलेले मोजे दिवसभर पायात राहिले तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते आणि वास येतो. अशा दिवशी मुलांना मोजे काढून खिडकीत वाळत घालायला लावावेत, वर्गाची शोभा थोडी कमी झाली तरी चालेल.

आणखी एक दुखणे या वयात हमखास खोटे ठरवले जाते. आठ ते चौदा वर्षांचे, कबड्डी आणि धावण्यात पुढे असलेले मूल टाच दुखते म्हणून तक्रार करते आणि घरचे म्हणतात, शाळा बुडवायचे निमित्त. टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून कूर्चेचा असतो आणि पोटरीचा घट्ट स्नायू त्याला धावताना सारखा ओढत असतो, त्यामुळे ही टाच खरोखर दुखते. काही आठवडे धावणे कमी करणे, पोटरीला ताण देण्याचे व्यायाम आणि मऊ तळाचे बूट एवढ्याने ती बहुधा थांबते आणि हाड पूर्ण जुळले की कायमची जाते. बुटांच्या मापाबाबत आमची घरे दोन टोकांना असतात. एक तर पुढच्या वर्षीही यावेत म्हणून दोन मापे मोठे घ्यायचे, नाही तर फाटत नाहीत तोवर घट्ट बूटच घालायला लावायचे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, हा साधा नियम दुकानात मूल उभे असतानाच पाहून घेता येतो.

पहाटे साडेचार-पाचला परळी, केज, गेवराई अशा कोणत्याही रस्त्याला लागले की अंधारात धावणारी मुले-मुली दिसतात. ही भरतीची मुले. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. शेतीत राम नाही असे ठरवलेल्या अनेक घरांची सगळी आशा त्या धावेवर असते. मराठवाड्यातल्या तरुण पायांविषयी काही लिहायचे, तर मला फॅशनच्या टोकदार बुटांपेक्षा या मुलांविषयी अधिक लिहावेसे वाटते. आठवड्याभरात अंतर दुप्पट करायचे, तेही डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांनी, आणि नडगी दुखू लागली तर वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा धावायचे. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले दुखणे विश्रांतीने आणि अंतर सावकाश वाढवल्याने बरे होते. परंतु नडगीवर किंवा पावलाच्या मधल्या हाडांवर एकाच ठिकाणी बोट ठेवले की कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शक्यता असते. पहिल्या दोनतीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. अशा वेळी काही आठवड्यांची विश्रांती घ्यावीच लागते, ती न घेतल्यास भरतीची पूर्ण फेरीच हातची जाते. मैदानावरचा दादा ‘दुखणं धावून मोडतं’ असे सांगत असेल तर त्याचे ऐकू नये.

याच मुलांना दुसरी धास्ती असते सपाट तळव्यांची, कारण वैद्यकीय तपासणीत ते अडतात. ओला पाय फरशीवर उमटवून मुले एकमेकांचे ठसे पाहतात. उभे असताना सपाट दिसणाऱ्या पायाला चवड्यावर उभे राहताच कमान येत असेल, तर तो लवचिक सपाटपणा असतो. दुखत नसल्यास त्याला उपचारांची गरज नसते. भरतीचा निकष तो वेगळा. पण ‘कमान आणून देतो’ असे सांगून महागडी पट्टी आणि तेल विकणाऱ्यांकडे तरी या मुलांनी जाऊ नये.

शेतात राबणाऱ्या पायांची दुखणी ऋतूंप्रमाणे बदलतात. आषाढ-श्रावणात काळ्या मातीचा चिखल बोटांत दिवस दिवस राहतो आणि चिखल्या शाळकरी मुलांपेक्षा जास्त होतात. त्यावर राख, तेल, हळद असे काहीबाही भरण्यापेक्षा पाय धुऊन बेचके कोरडे पुसणे आणि बुरशीवरचे मलम खाज थांबल्यावरही काही दिवस लावत राहणे अधिक उपयोगी. सुगी संपली की रानात तुरीची आणि पऱ्हाटीची धसकटे उभी राहतात. ती पातळ रबरी चपलेतून आरपार जातात. उसाच्या फडात तोडलेल्या बुडख्यांची आणि पाचटाची तीच तऱ्हा, शिवाय कोयत्याचा चुकलेला घाव नडगीवर किंवा पावलावर बसतो. अशी जखम चुना-हळद भरून बांधण्यात वेळ जातो आणि धनुर्वाताची सुई राहून जाते. सर्पदंशही बहुधा पायालाच होतो, म्हणून रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याने गमबूट घालावेत असे सगळेच सांगतात. गमबूट चिखलात जड होतात आणि उन्हात पाय उकडतात, हे सांगणाऱ्याने एकदा घालून पाहावे; तरीही रात्रीच्या पाळीला ते घालावेतच.

थंडी पडली की टाचा फुटतात. भेगाळलेल्या टाचांची तुलना दुष्काळातल्या भेगाळलेल्या रानाशी करण्याचा मोह आमच्याकडे लिहिणाऱ्या प्रत्येकाला होतो. पण रानाच्या भेगा एका पावसात मिटतात, टाचेच्या तशा मिटत नाहीत. टाचेच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात, घोट्यामागे उघडी असलेली चप्पल आणि जास्त उभे राहणे यांमुळे टाचेखालची चरबी कडेला पसरते आणि कोरडी, जाड कातडी त्या ताणाने फाटते. आमच्या घरच्या बायका न्हाणीत वज्रीने टाचा घासत आणि रात्री राळेचे मलम भरत. त्यात चूक काहीच नव्हते. फक्त वज्री रक्त येईपर्यंत घासू नये आणि एकीची दुसरीने वापरू नये. आज युरिया असलेले मलम किंवा साधी व्हॅसलीनही तेच काम करते. कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय ठेवून, पुसून, लगेच लावावे आणि वर सुती मोजे घालून झोपावे. भेग खोल जाऊन रक्त येऊ लागले, किंवा तळव्यासोबत हाताचे तळवेही फुटू लागले, तर ते सोरायसिससारखे त्वचेचे दुखणे असू शकते आणि मग मलमांचे प्रयोग थांबवावेत.

चाळिशीनंतरच्या टाचदुखीविषयी फार लिहीत नाही, कारण ती आता घरोघरी माहीत आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच कळ येते, चार पावले चालल्यावर कमी होते. तळव्याखालचा जाड पट्टा टाचेला जिथे जोडला जातो तिथला हा त्रास. एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या ‘वाढलेल्या हाडा’ची भीती बाळगण्याचे कारण नाही, ते टाच न दुखणाऱ्यांतही आढळते. कडक फरशीवर अनवाणी उभे राहणे बंद करणे, पोटरी आणि तळव्याला रोज ताण देणे, गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणे, यांनी बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो. गरोदरपणात पाय सुजतात आणि कधी चपलेचे माप कायमचे वाढते, हेही नव्या सुनांना कोणी सांगून ठेवत नाही. मात्र सुजेबरोबर डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असेल तर त्याच दिवशी रक्तदाब तपासावा.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाऱ्याने चव्वेचाळीस अंश गाठले की संध्याकाळी काशाची वाटी निघते. तळव्याला तूप लावून वाटी घासायची, वाटीला काळे आले की ‘उष्णता निघाली’ असे म्हणायचे. ते काळे धातू, तूप आणि घर्षण यांमुळे येते, शरीरातली उष्णता त्यात नसते. तरीही ही वाटी मला प्रिय आहे, कारण ती घासताना कोणी तरी दुसऱ्याचा तळपाय हातात घेऊन दिव्याच्या उजेडात पाहत असे. रुतलेला काटा, वाढणारे कुरूप, अंगठ्याच्या मासात शिरणारे नख त्या वेळी दिसून येई. बाहेरून आल्यावर दारातच पाय धुण्याची रीत होती, तिचाही हाच लाभ होता.

हा लाभ सर्वाधिक लागतो मधुमेहात, आणि नेमका तेथेच तो नसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा आधी बोटांच्या टोकांपासून मंदावतात. प्रथम मुंग्या, रात्रीची जळजळ; मग ‘कापसावर चालल्यावाणी वाटतंय’; आणि मग चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. जळजळ थांबली की माणसाला वाटते बरे झाले, परंतु ती थांबण्याचा अर्थ अनेकदा पाय बोलायचा थांबला असा असतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत दाखवून दिले होते की त्यांची बोटे आजाराने आपोआप झडत नाहीत, तर दुखत नसल्यामुळे होणाऱ्या जखमांनी जातात. झोपेत उंदराने कुरतडले तरी जाग येत नाही, खडा बुटात दिवसभर राहिला तरी माणूस चालत राहतो. मधुमेहाचा बधिर पायही त्याच वाटेने जातो, आणि त्यात धूम्रपानाने रक्तपुरवठा आखडलेला असेल तर लहानशी जखमही काळी पडते. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या बहुतेकांच्या कहाणीची सुरुवात एका साध्या, न पाहिलेल्या जखमेने झालेली असते.

तपासणी अवघड नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून, ‘कळतंय का?’ असे विचारायचे. काही मिनिटांचे काम. वर्षातून एकदा ते व्हावे. पण दवाखान्यात चपला बाहेर निघतात आणि पाय टेबलाखालीच राहतात. साखरेचा आकडा पाहिला जातो, गोळी वाढते, आणि माणूस बाहेर येऊन पुन्हा चपला घालतो. म्हणून रुग्णाने स्वतःच ‘डॉक्टर, पाय पण बघा’ असे म्हणायला शिकावे. घरी रोज रात्री तळवा पाहावा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने पाहावे. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. कुरूप ब्लेडने कापू नये आणि त्यावर दुकानातली औषधी पट्टी चिकटवू नये, कारण तिच्यातले आम्ल बधिर कातडीही जाळते.

आईला मधुमेह आहे. वाकून नखे कापणे तिला जमेना, तेव्हा ते काम मी घेतले. पहिल्यांदा तिचा पाय मांडीवर घेतला तेव्हा ती ओशाळली, पाय मागे ओढू लागली. मी सांगितले, ‘आई, माझे पाय तू किती वर्षं धुतलेस?’ ती म्हणाली, ‘ते येगळं, तू लेकरू व्हतास.’ म्हातारपणी नखे जाड आणि चिवट होतात. आंघोळीनंतर मऊ असताना, सरळ रेषेत, कोपरे न कोरता कापावीत. घोट्याला सूज दिसली तर तिने ती वयावर ढकलली होती. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि सूज उतरली, कारण त्या एका गोळीने पाय सुजू शकतात. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल आणली, ती मात्र तिला रोग्याची वाटली. लग्नाला घालणार नाही, घरात आणि रानात घालीन, असा तह झाला.

नवरात्रात तुळजापूरला अनवाणी जायचा तिचा नवस होता. कोजागरीला सोलापूर आणि कर्नाटकाकडून हजारो लोक पायी तुळजापूरला येतात, त्यांची पोळलेली पावले मी पाहिली होती, म्हणून पायी जाण्याचा विषय मी निघू दिला नाही. गाडीने जायचे, भल्या पहाटे, दगड तापण्यापूर्वी, आणि जाड मोजे घालून पायऱ्या उतरायच्या, असे ठरले. ‘देवीला मोजे चालतेत का?’ हा प्रश्न तिने मला, मामींना आणि शेवटी रांगेतल्या एका अनोळखी बाईंना विचारला. त्या बाई म्हणाल्या, ‘चामड्याचे नाहीत ना, मग काय.’ दर्शन झाले. गाडीपाशी आल्यावर मी तिचे मोजे काढले, तर डाव्या मोज्याच्या चवड्यापाशी नारळाच्या करवंटीची टोकदार चिरफळी रुतलेली होती. तिला काहीच कळले नव्हते. कातडीवर नुसता लाल ठिपका होता, रक्त नव्हते. पाय धुऊन, पुसून, बेचके कोरडे करून मी चप्पल पुढे केली. आईने चिरफळी उचलून उजेडात धरली, पुन्हा पुन्हा उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, ‘पुढल्या साली याहून जाड मोजे घे. आन् मामींलाबी एक जोड घे, त्यांचीबी साखर हाये, त्या सांगत नाहीत.’